विजेची शेगडी घरात आणण्यापूर्वी : मीटरपासून अर्थिंगपर्यंत काय तपासावे?

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील घरगुती उपकरणांच्या दुकानांत गर्दी वाढते. अलीकडे या खरेदीत इंडक्शन शेगडी, चार चुलींचा काचेचा हॉब आणि ओट्याखाली बसविण्याचा ओव्हन यांची भर पडली आहे. खरेदीदार किंमत, कंपनी, हमीचा काळ आणि विजेचे बिल यांची चौकशी करतो. मात्र ही शेगडी ज्या भिंतीत लावायची त्या भिंतीतील वायर किती जाडीची आहे, घराचे अर्थिंग शाबूत आहे का आणि घराचा मंजूर भार किती आहे, हे प्रश्न बहुधा शेगडी घरी आल्यानंतर आणि बटण दोनदा पडल्यानंतर विचारले जातात.

शेगडी हे घरातील सर्वाधिक वीज ओढणाऱ्या उपकरणांपैकी एक आहे. शिवाय ती ओल्या हातांनी, अनेकदा अनवाणी पायांनी आणि नळाच्या शेजारी वापरली जाते. बाजारातील चांगल्या शेगडीची सुरक्षाचाचणी कारखान्यात झालेली असते. घरातील वायरिंगची तशी चाचणी कित्येक वर्षांत झालेली नसते. त्यामुळे नव्या शेगडीची सुरक्षितता ही मुख्यतः मीटरपासून सॉकेटपर्यंतच्या आणि तेथून जमिनीपर्यंतच्या मार्गावर अवलंबून असते. त्या मार्गातील प्रत्येक टप्प्याची माहिती पुढे दिली आहे.

कोणती शेगडी किती प्रवाह ओढते?

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ या मापाचा असतो. उपकरणाच्या तळाशी किंवा पाठीमागे चिकटविलेल्या पट्टीवर त्याची शक्ती वॅटमध्ये लिहिलेली असते. त्या आकड्याला २३० ने भागले की उपकरण किती अँपिअर प्रवाह घेईल याचा अंदाज येतो. नेहमीच्या उपकरणांचा हिशेब साधारण असा आहे :

- लहान इंडक्शन शेगडी, १२०० वॅट : सुमारे ५.२ अँपिअर
- ओट्यावर ठेवण्याचा छोटा ओव्हन म्हणजे ओटीजी, १५०० वॅट : सुमारे ६.५ अँपिअर
- एका चुलीची नेहमीची इंडक्शन शेगडी, २००० वॅट : सुमारे ८.७ अँपिअर
- ओट्याखाली बसविण्याचा ओव्हन, ३००० वॅट : सुमारे १३ अँपिअर
- दोन चुलींचा इंडक्शन हॉब, ३५०० वॅट : सुमारे १५.२ अँपिअर
- चार चुलींचा हॉब, ७२०० वॅट : सुमारे ३१.३ अँपिअर

मायक्रोवेव्हच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. जाहिरातीत लिहिलेले ८०० किंवा ९०० वॅट हे अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचे माप असते. भिंतीतून तो त्याहून बरीच अधिक वीज घेतो. म्हणून हिशेबासाठी पाठीमागच्या पट्टीवरील 'इनपुट' हा आकडाच धरावा.

सहाचे सॉकेट, सोळाचे सॉकेट

घरात दोन प्रकारची तीन छिद्रांची सॉकेट्स असतात. लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते आणि त्यावर २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅटचे उपकरण चालते. मोठे, ज्याला बोलीभाषेत पॉवर प्लग म्हणतात, ते १६ अँपिअरचे असते आणि त्याची मर्यादा ३६८० वॅट असते. यावरून स्पष्ट होते की २००० वॅटची साधी इंडक्शन शेगडीसुद्धा सहाच्या सॉकेटवर चालविता येत नाही. कंपनी तिला सोळाचा प्लग देते तो याच कारणासाठी. तो प्लग लहान सॉकेटात बसावा म्हणून बाजारात मिळणारे कन्व्हर्टर वापरणे म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटमधून ८.७ अँपिअर ओढणे होय. एक्स्टेंशन बोर्डाचेही तसेच आहे. त्याची वायर बहुधा बारीक असते आणि त्यावर शेगडीशेजारी मिक्सर व किटलीही लागते.

दोन चुलींचा ३५०० वॅटचा हॉब सोळाच्या सॉकेटवर चालू शकतो; परंतु तो सॉकेटच्या मर्यादेच्या अगदी काठावर असतो. तासन्तास पूर्ण शक्तीवर चालणार असेल तर त्याला प्लगऐवजी स्वतंत्र स्विचमधून थेट जोडणी देणे अधिक चांगले. चार चुलींच्या हॉबला तर प्लग नसतोच. त्याच्यासाठी वितरण पेटीतून म्हणजे डीबीमधून थेट स्वतंत्र लाइन ओढावी लागते आणि ओट्याजवळ ३२ अँपिअरचा, फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा दुहेरी स्विच बसवावा लागतो. हा स्विच शेगडीच्या वर किंवा मागे न बसविता बाजूला, हात सहज पोहोचेल असा असावा. कढईतील तेलाने पेट घेतला तर ज्वाळेवरून हात नेऊन स्विच बंद करता येत नाही.

वायरची जाडी आणि सांध्यांतील उष्णता

वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणूनच वर्षानुवर्षे दिवे, पंखा आणि मिक्सर बिनतक्रार चालविणारी वायर शेगडी लागताच काही दिवसांत करपू शकते.

दुकानात तांब्याची वायर 'दीडची', 'अडीचची', 'चारची' या नावांनी मागितली जाते. हे आकडे तांब्याच्या छेदाचे चौरस मिलिमीटरमधील क्षेत्रफळ दाखवितात. भिंतीतील पाइपमधून नेलेल्या वायरींसाठी उत्पादकांच्या तक्त्यांत साधारणपणे अडीचच्या वायरला १८ अँपिअर, चारच्या वायरला २४ अँपिअर आणि सहाच्या वायरला ३१ अँपिअर अशी क्षमता दिलेली असते. त्यावरून पुढील निवड करता येते :

- २००० वॅटपर्यंतच्या शेगडीसाठी अडीचची वायर पुरते.
- ३००० ते ३५०० वॅटसाठी चारची वायर घ्यावी.
- सात किलोवॅटच्या आसपासच्या हॉबसाठी सहाच्या वायरची क्षमता जेमतेम ठरते. अंतर लांब असेल किंवा पाइपमध्ये इतर वायरी असतील तर दहाची वायर घ्यावी.

अंतराचा हिशेबही करावा लागतो. जुन्या घरांत मीटर पुढच्या बाल्कांवाजवळ आणि स्वयंपाकघर मागच्या अंगणाकडे असते. हे अंतर २० मीटर असेल तर जाऊन-येऊन वायरची लांबी ४० मीटर होते. अशा मार्गावर दीडची वायर असेल आणि तिच्यातून १५ अँपिअर प्रवाह गेला, तर सुमारे १२० वॅट उष्णता केवळ भिंतीतील वायरमध्ये निर्माण होते. अडीचच्या वायरमध्ये हीच उष्णता ७२ वॅटच्या आसपास येते.

सलग वायरपेक्षाही सांधे अधिक धोकादायक असतात. सॉकेटमागील स्क्रू सैल असेल किंवा त्यावर गंज चढला असेल आणि त्या एका बिंदूत ०.२ ओहम इतकाच रोध निर्माण झाला असेल, तरी १५ अँपिअर प्रवाहाला तेथे ४५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग इस्त्री साधारण २५ वॅटची असते. त्याहून अधिक उष्णता प्लास्टिकच्या बंद डब्यात, डोळ्यांआड, रोज तासभर निर्माण होत राहते. गोव्याच्या किनारपट्टीवरील खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा पितळेच्या स्क्रूंवर व तांब्याच्या टोकांवर लवकर गंज चढवितात. त्यामुळे येथे शेगडीच्या लाइनला मध्ये सांधा नसावा. डीबीपासून सॉकेटपर्यंत वायर एकसंध असावी.

लाकडी पट्टीवरून नेलेले जुने वायरिंग ज्या घरांत अजून आहे, तेथे अॅल्युमिनिअमच्या वायरी आढळतात. अॅल्युमिनिअम स्क्रूखाली दबून सैल पडते आणि तांब्याशी थेट पीळ मारून जोडल्यास सांध्यावर गंजते. अशा वायरिंगवर शेगडी लावू नये. संपूर्ण घराचे वायरिंग लगेच बदलणे शक्य नसेल, तर निदान डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंत तांब्याची नवी लाइन ओढून घ्यावी.

बटण पडते म्हणून मोठे बटण नको

शेगडी लावल्यावर एमसीबी वारंवार पडू लागला की १६ चा काढून ३२ चा बसविण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला जीवघेणा ठरू शकतो. एमसीबी हा प्रामुख्याने वायरच्या रक्षणासाठी असतो. मानकानुसार एमसीबी आपल्या मापाच्या १.१३ पट प्रवाहाला तासाभरात पडत नाही आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर प्रवाह मुकाट्याने जाऊ देतो आणि ४६ अँपिअरला पडण्यासाठीही तासापर्यंत वेळ घेऊ शकतो. भिंतीत अडीचची वायर असेल तर तिची क्षमता १८ अँपिअर आहे. म्हणजेच बटण पडण्याआधी वायरचे आवरण वितळलेले असेल.

म्हणून क्रम नेहमी असा ठेवावा : आधी उपकरणाचा प्रवाह, मग त्याला पुरून उरेल अशी वायर आणि मग त्या वायरपेक्षा कमी मापाचा एमसीबी. अडीचच्या वायरला १६ चा, चारच्या वायरला २० चा एमसीबी ही साधारण योग्य जोडी आहे. बटण पडत असेल तर त्याचा अर्थ त्या लाइनवर भार जास्त आहे किंवा कुठेतरी दोष आहे एवढाच होतो. त्याचे उत्तर स्वतंत्र लाइन किंवा दोषाची दुरुस्ती हे आहे.

अर्थिंग : जांभ्याच्या जमिनीचा प्रश्न

शेगडीच्या आत एखादी वायर सुटून धातूच्या अंगाला टेकली तर ते अंग जिवंत होते. अशा वेळी अर्थिंगची तार तो प्रवाह जमिनीत नेते आणि प्रवाह मोठा असल्याने एमसीबी पडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गोव्यात या समजुतीवर पूर्णपणे विसंबता येत नाही.

कारण जमिनीत आहे. राज्याचा मोठा भाग जांभ्या दगडाचा आहे. जांभा सच्छिद्र असल्याने त्यातून पाणी झिरपून जाते आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. कोरड्या जांभ्यातून वीज सहज वाहत नाही. पावसाळ्यात समाधानकारक असलेले अर्थिंग एप्रिल-मे महिन्यांत कमकुवत होते ते यामुळेच. समजा, एखाद्या घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम आहे. शेगडीचे अंग जिवंत झाल्यास २३० व्होल्टला त्या मार्गाने जास्तीत जास्त २३ अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरच्या 'सी' प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडण्यासाठी मात्र ८० ते १६० अँपिअर प्रवाह लागतो. २३ अँपिअरला तो कित्येक मिनिटे, कदाचित तासभरही पडणार नाही. तेवढा वेळ शेगडीचे अंग धोकादायक व्होल्टेजवर राहील आणि तिला टेकलेल्या व्यक्तीला धक्का बसेल.

याचा अर्थ अर्थिंग निरुपयोगी आहे असा नव्हे. ते नीट करून घेतलेच पाहिजे आणि त्याच्या जोडीला पुढे सांगितलेले आरसीसीबी हे उपकरण बसविलेच पाहिजे.

अर्थिंगविषयीचे भारतीय मानक आयएस ३०४३ हे आहे. घरगुती पद्धतीत साधारणपणे सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा व अडीच मीटर लांबीचा जस्तलेपित लोखंडी पाइप जमिनीत उभा पुरतात आणि भोवती कोळसा व मिठाचे थर देतात. जांभ्याच्या जमिनीत खड्डा कोरडा पडू नये यासाठी त्यात चिकणमाती किंवा बेंटोनाइटसारखा ओल धरून ठेवणारा पदार्थ भरणे आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालणे उपयुक्त ठरते. खड्डा इमारतीच्या भिंतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्याजवळ ओल टिकून राहणारी जागा मिळाली तर ती उत्तम. फक्त पाइपला जोडलेली तार उघडी पडून कुदळीने तुटणार नाही याची काळजी घ्यावी.

अर्थिंगची तपासणी टेस्टरने होत नाही. साध्या मल्टिमीटरनेही फसगत होते. कारण तो फारच थोडा प्रवाह घेत असल्याने अर्थिंग कमकुवत असले तरी २३० च्या आसपासचा आकडा दाखवितो. खरी तपासणी अर्थ टेस्टर या उपकरणाने करतात. वीज ठेकेदाराकडून ती एप्रिल किंवा मे महिन्यात, जमीन सर्वांत कोरडी असताना करून घ्यावी.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. पाण्याच्या नळाला अर्थिंग जोडू नये. आता बहुतेक घरांत मध्येच प्लास्टिकचे पाइप आलेले असल्याने तो मार्ग तुटलेला असतो आणि धक्का नळाला हात लावणाऱ्याला बसतो. गॅसच्या पाइपला अर्थिंग कधीही जोडू नये. तसेच सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल यांना तुकडा लावून एकत्र जोडू नये. बाहेर न्यूट्रल तुटल्यास अशा घरातील सर्व धातूची उपकरणे एकाच वेळी जिवंत होतात.

आरसीसीबी : जीव वाचविणारे बटण

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. दोहोंत फरक पडला म्हणजे वीज अन्य मार्गाने, कदाचित एखाद्याच्या शरीरातून, जमिनीत जात आहे असा त्याचा अर्थ होतो आणि तो एका सेकंदाच्या काही अंशात पुरवठा तोडतो. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत घरगुती जोडणीसाठी ही गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसावी असे सांगितले आहे. ओल्या हातांच्या आणि अनवाणी माणसाच्या शरीरातून २३० व्होल्टला १०० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकतो आणि तेवढा प्रवाह हृदयाची लय बिघडविण्यास पुरेसा असतो. वर दिलेल्या उदाहरणात अर्थिंगचा रोध १० ऐवजी १०० ओहम झाला, तरी गळती २.३ अँपिअर होईल आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तत्काळ पडेल.

खरेदी करताना पेटीवर ३० मिलिअँपिअर हा आकडा पाहून घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही बाजारात मिळतात. ते माणसाच्या रक्षणासाठी पुरेसे नाहीत. आरसीसीबी जादा भाराला पडत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत एमसीबी लागतोच. दोन्ही कामे एकत्र करणाऱ्या उपकरणाला आरसीबीओ म्हणतात. शेगडीच्या लाइनला स्वतंत्र आरसीबीओ बसविला तर शेगडीतील दोषामुळे संपूर्ण घर अंधारात जात नाही. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेले बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबताच पुरवठा खंडित झाला नाही तर उपकरण बदलावे.

पावसाळ्यात ओव्हन लावताच आरसीसीबी पडतो, अशी तक्रार गोव्यात अनेकदा ऐकू येते. ओव्हनच्या तापणाऱ्या नळीत मॅग्नेशिअम ऑक्साइडची पूड भरलेली असते आणि ती हवेतील ओल शोषून घेते. नाताळला बेबिंका किंवा केक भाजल्यानंतर महिनोन्महिने बंद राहिलेला ओव्हन चतुर्थीला सुरू करताना ही ओलच गळती निर्माण करते. यावर आरसीसीबी काढून टाकणे किंवा त्याला वळसा घालून लाइन जोडणे हा उपाय नव्हे. तंत्रज्ञाकडून ५०० व्होल्टच्या मेगरने रोध तपासून नळी वाळवून किंवा बदलून घ्यावी. मुळात ही वेळ येऊ नये म्हणून पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा ओव्हन थोडा वेळ तापविणे हिताचे.

मंजूर भार आणि वीज खाते

गोव्यात वीजवितरण राज्य सरकारच्या वीज खात्यामार्फत होते. प्रत्येक जोडणीला मंजूर भार ठरवून दिलेला असतो आणि तो बिलावर छापलेला असतो. जोडणी घेतली त्या काळी घरात दिवे, पंखे, फ्रिज आणि दूरचित्रवाणी संच एवढेच असेल, तर तो आकडाही त्याच प्रमाणात लहान असतो.

समजा, मंजूर भार ३ किलोवॅट आहे. म्हणजे सुमारे १३ अँपिअर. सकाळी सात वाजता २००० वॅटचा गिझर, २००० वॅटची शेगडी, १५०० वॅटचा वातानुकूलक आणि १५० वॅटचा फ्रिज एकाच वेळी सुरू असेल तर एकूण भार ५६५० वॅट, म्हणजे सुमारे २४.६ अँपिअर होतो. सणासुदीला मूळ घरात सगळे कुटुंब जमते तेव्हा हे रोजच घडते. याचा ताण घरातील वायरिंगपुरता राहत नाही. खांबावरून घरापर्यंत येणारी सर्व्हिस वायर, मीटरची टोके आणि वाड्यावरील ट्रान्सफॉर्मर यांच्यावरही तो पडतो.

म्हणून मोठी शेगडी घेण्यापूर्वी आपल्या भागातील उपविभागीय कार्यालयात भारवाढीसाठी अर्ज करावा. वाढीव भार ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास सिंगल फेजऐवजी थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. वायरिंगचे काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे आणि त्याच्याकडून चाचणी अहवाल घ्यावा. गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत तळमजल्यावरील मीटरपासून वर येणारी मुख्य वायर किती जाडीची आहे हेही पाहावे लागते; घरातील वायर बदलली आणि ती तशीच राहिली तर दुबळा दुवा जिन्यात कायम राहतो.

थ्री फेज जोडणीत शेगडी, गिझर आणि वातानुकूलक वेगवेगळ्या फेजवर विभागावेत. युरोपीय बनावटीच्या मोठ्या हॉबला पाच टोके असतात आणि ती एका किंवा दोन फेजवर जोडण्यासाठी पितळी पट्ट्यांची निरनिराळी मांडणी असते. ही मांडणी हॉबच्या तळाशी दिलेल्या आकृतीनुसारच करावी. येथे न्यूट्रल सैल राहिला तर उपकरणावर २३० ऐवजी त्याहून कितीतरी अधिक व्होल्टेज येऊन आतील सर्किट क्षणात जळते.

जागा, सिलिंडर आणि नळ

बहुतेक घरांत विजेची शेगडी गॅसला पूरक म्हणून येते आणि दोन्ही एकाच ओट्यावर असतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साचतो. त्यामुळे शेगडीचे सॉकेट किंवा स्विच ओट्याखाली सिलिंडरजवळ बसवू नये. स्विच चालू-बंद करताना उडणारी लहानशी ठिणगीही पुरेशी ठरते. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. आधी रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

इंडक्शन शेगडी तळातून हवा ओढून आतील भाग थंड ठेवते. पेटत्या गॅसबर्नरला लागून ती ठेवल्यास गरम हवा आणि तेलकट वाफ आत जाते आणि पंखा व सर्किट लवकर निकामी होते. ओट्यात बसविलेल्या हॉबखाली कंपनीने सांगितलेली मोकळी जागा सोडावी. त्या जागेत कागद, पिशव्या किंवा फडकी ठेवू नयेत. सॉकेट सिंकच्या वर नसावे, नळाचे शिंतोडे पोहोचणार नाहीत इतके दूर असावे आणि वायर गरम भांड्यांच्या वाटेत येऊ नये.

परदेशातून आणलेली शेगडी

गोव्यातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत, ब्रिटनमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये नोकरीला आहेत. परतताना सामानासोबत ओव्हन किंवा हॉब आणला जातो. ब्रिटन, पोर्तुगाल आणि संयुक्त अरब अमिरातींतील वीजपुरवठा येथल्याप्रमाणेच २३० व्होल्टच्या आसपास व ५० हर्ट्झचा आहे, त्यामुळे तेथील उपकरण बहुधा चालते. अडचण प्लगची असते. युरोप खंडातील गोल प्लगला अर्थची जोडणी बाजूच्या पट्ट्यांनी मिळते, भारतीय सॉकेटप्रमाणे तिसऱ्या पिनेने नव्हे. हा प्लग येथील सॉकेटात जबरदस्तीने बसविला तर ओव्हन सुरू होतो, परंतु त्याला अर्थिंग मिळालेलेच नसते. असा प्लग कापून भारतीय मानकाचा सोळाचा प्लग लावून घ्यावा आणि हिरवी-पिवळी तार अर्थच्या टोकालाच जोडली आहे याची खात्री करावी.

सौदी अरेबियात पुरवठा ६० हर्ट्झचा आहे आणि अमेरिकेत व्होल्टेजही वेगळे आहे. तेथील उपकरण घेण्यापूर्वी पट्टीवर '२२०-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असा उल्लेख आहे का हे पाहावे.

घरगुती इन्व्हर्टरवर शेगडी चालत नाही. ८०० ते १००० व्होल्ट-अँपिअरच्या इन्व्हर्टरची क्षमता एका शेगडीच्या निम्मीही नसते. म्हणून शेगडीचे सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेऊ नये.

कामाचा क्रम

१. शेगडीचे वॅट पाहून प्रवाह काढावा.
२. बिलावरील मंजूर भार पाहावा. अपुरा असल्यास आधी भारवाढ करून घ्यावी.
३. डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वायरची जाडी, धातू आणि वय परवानाधारकाकडून तपासावे.
४. अर्थिंगची मोजणी शक्यतो उन्हाळ्यात करून घ्यावी.
५. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी किंवा आरसीबीओ बसवून टी बटण दाबून पाहावे.
६. स्वतंत्र लाइन, योग्य मापाचा एमसीबी आणि सॉकेट किंवा दुहेरी स्विच बसवावा.
७. त्यानंतरच शेगडी घरी आणावी.
८. पहिल्या दिवशी शेगडी अर्धा तास पूर्ण शक्तीवर चालवावी. मग ती बंद करून, प्लग काढून, सॉकेटच्या झाकणाला हाताची पाठ लावून पाहावी. किंचित कोमट असणे चालते. हात टिकत नसेल तर सांधा सैल आहे किंवा सॉकेट हलक्या प्रतीचे आहे.

वापरात असताना प्लगभोवती पिवळसर किंवा काळी छटा येणे, जळक्या प्लास्टिकचा अथवा मासळीसारखा वास येणे, शेगडी लावताच दिवे मंदावणे आणि भांड्याला किंवा शेगडीच्या कडेला हात लावताच मुंग्या येणे या धोक्याच्या खुणा आहेत. मुंग्या येणे ही त्यांतील सर्वांत गंभीर खूण समजावी. हाताला लागलेली ती गळतीच असते आणि अर्थिंग व आरसीसीबी यांपैकी निदान एक निकामी असल्याशिवाय ती सहसा जाणवत नाही. अशा वेळी मुख्य स्विच बंद करून परवानाधारकाला बोलवावे आणि तपासणी होईपर्यंत शेगडी वापरू नये. बिघाड खांबावरील असेल तर वीज तक्रारीसाठी १९१२ आणि आगीच्या प्रसंगी १०१ किंवा ११२ या क्रमांकांवर संपर्क साधता येतो. विजेमुळे लागलेल्या आगीवर पुरवठा तोडण्यापूर्वी पाणी टाकू नये आणि धक्का बसलेल्या व्यक्तीला मुख्य स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नये.